रेषेतला समुद्र : टर्नर, कुक आणि रोमँटिक काळातली एचिंग्ज

खारे_वारे

मंडळी,

रोमँटिक काळातला समुद्र म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे इंग्लिश चित्रकार टर्नरची तैलचित्रं येतात. पिवळा-तांबडा उजेड, फेस, धूर आणि त्यात कुठेतरी एखादी डोलकाठी. मला बोलायचंय ते त्याच काळात, साधारण १८०० ते १८३० च्या दरम्यान, तांब्याच्या पत्र्यावरून छापल्या गेलेल्या समुद्राबद्दल. तैलचित्र एखाद्या उमरावाच्या भिंतीवर जाऊन बसायचं. छापील चित्र दुकानात मिळायचं, वर्गणी भरली की भागाभागाने घरी यायचं. इंग्लंडमधल्या कितीतरी घरांत समुद्र पोचला तो असा.

एचिंग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेण-डांबराचा पातळ थर द्यायचा, तो धुराने काळा करायचा आणि सुईने त्यावर चित्र काढायचं. सुई जिथे जाते तिथे तांबं उघडं पडतं. मग पत्रा ॲसिडात. उघडी जागा खाल्ली जाते, रेषेची खाच होते. थर काढून टाकायचा, खाचेत शाई भरायची, वरची पुसायची, ओला कागद ठेवून प्रेसमधून काढायचा.

म्हणजे हातात फक्त रेषा. जहाजाला रेषा असतात, दोरखंडांना असतात, फळ्यांना असतात. पाण्याचं काय करायचं? माझा प्रश्न हाच आहे: या लोकांनी रेषेने पाणी कसं काढलं?

माझं मतही सांगून टाकतो. छापचित्रांपुरतं बोलायचं तर एडवर्ड विल्यम कुक हा टर्नरपेक्षा समुद्राच्या जास्त जवळ आहे. कुकचा जन्म १८११ चा. १८२९ मध्ये, म्हणजे वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने जहाजं आणि होड्यांच्या पन्नास एचिंग्जचा संच काढला, तो पुढे पासष्टपर्यंत वाढला. वादळ नाही, बुडणारी माणसं नाहीत. मासेमारीच्या होड्या, कोळशाची जहाजं, टेम्सवरचे पडाव. ओहोटीला गाळात कललेल्या, शिडं वाळत घातलेल्या. ही चित्रं बघितल्यावर मला टर्नरच्या छापांतला समुद्र रंगमंचावरचा वाटायला लागला.

असहमत असणाऱ्यांनी जरूर लिहा.

---

अवली

वाचतोय. टर्नरला नावं ठेवलीत, आता बघा कोण कोण येतंय ते :)

---

टेम्सकाठ

मी आले.

खारे_वारे, कुक मलाही आवडतो, पण टर्नरच्या कुठल्या छापांबद्दल तुम्ही बोलताय ते स्पष्ट करा. तैलचित्रांवरून इतरांनी कोरलेली चित्रं एकीकडे आणि 'लिबर स्टुडिओरम' दुसरीकडे. लिबर हा टर्नरने स्वतः मांडलेला संच आहे. पहिला भाग १८०७ मध्ये आला, शेवटचा १८१९ मध्ये. शंभर चित्रांचा बेत होता, त्यातली एकाहत्तर प्रसिद्ध झाली. प्रत्येक चित्राच्या वर एक अक्षर असतं, त्यावरून प्रकार कळतो: डोंगराळ, ऐतिहासिक, ग्रामीण वगैरे. त्यात सागरी हा वेगळा प्रकार आहे. नुसती निसर्गचित्रं करून भागणार नाही, समुद्राला स्वतंत्र खण हवा, हे त्याने तिथे ठरवून टाकलंय.

ब्रिटिश म्युझियममध्ये छापचित्रं आणि रेखाटनांची अभ्यासिका आहे. आधी कळवून गेलं की मूळ छाप समोर आणून ठेवतात. तिथे लिबर पाहिला तेव्हा सगळ्यात आधी लक्षात आला तो आकार. वहीच्या पानाएवढी चित्रं आहेत ही. शाई काळी नाही, तपकिरी. 'इन्व्हरेरी पिअर' नावाचं एक चित्र आहे, स्कॉटलंडमधल्या लॉक फाइनच्या काठावरची सकाळ. धक्का, होड्या आणि पलीकडे धुक्यातले डोंगर. यात रंगमंच कुठे आहे ते मला दाखवाच. पाणी इतकं स्थिर आहे की धक्का कुठे संपतो आणि त्याचं प्रतिबिंब कुठे सुरू होतं ते शोधावं लागतं.

---

पुस्तकी_किडा

टेम्सकाठ, मुद्दा चांगला, पण लिबर एचिंगमध्ये धरायचं का? त्यात टर्नरने बहुतेक ठिकाणी फक्त बाह्यरेषा एच केल्या. त्यावरचा सगळा छायाप्रकाश मेझोटिंटचा, आणि तोही बऱ्याचदा दुसऱ्यांच्या हातचा. सुरुवातीच्या प्लेट्स चार्ल्स टर्नरने केल्या. आडनाव तेच, नातं काही नाही. पुढे मानधनावरून दोघांचं फाटलं.

---

अवली

नातं नसताना भाऊबंदकी! कर्तबगार माणसं.

---

शाईकाम

मी छापचित्रकार आहे, कॉलेजात एचिंग शिकवते. त्यामुळे हा धागा बघून राहवलं नाही. जरा लांबण लागेल.

पुस्तकी_किडा म्हणतात ते बरोबर आहे, पण तिथेच थांबलं तर गंमत निसटते. मेझोटिंटमध्ये पत्रा आधी दातेरी हत्याराने सगळीकडून खरवडून घेतात. तसाच छापला तर मखमली काळा येतो. मग जिथे उजेड हवा तिथे घासून गुळगुळीत करायचं. म्हणजे अंधारातून उजेडाकडे जायचं. एचिंगचा प्रवास उलटा, पांढऱ्यातून काळ्याकडे. टर्नरने ही दोन्ही टोकं एका पत्र्यावर आणली. कल्पना त्याची एकट्याची नव्हे. सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँ याच्या रेखाटनांचं 'लिबर व्हेरिटाटिस' रिचर्ड अर्लमने १७७७ मध्ये याच पद्धतीने छापायला घेतलं होतं आणि टर्नरला क्लोदशी बरोबरी करायची होती.

आता मूळ प्रश्न, पाण्याचा. लिबरच्या प्लेट्सचे मेझोटिंट चढण्याआधीचे छाप उपलब्ध आहेत, नुसत्या एच केलेल्या रेषांचे. ते बघा. 'शिप्स इन अ ब्रीझ' घ्या, लॉर्ड एग्रेमाँटकडे असलेल्या टर्नरच्याच समुद्रचित्रावरून केलेलं. एच केलेल्या छापात आभाळ जवळजवळ कोरं आहे. रेषा आहेत त्या होड्यांच्या कडांना, शिडांना आणि जवळच्या लाटांच्या धारेला. आणि त्या रेषा जाड आहेत, ठसठशीत, थोड्या ओबडधोबडसुद्धा. नवखा माणूस म्हणेल, हे काय चित्र झालं? पण टर्नरला माहीत होतं की यावर मेझोटिंटचा काळोख येणार आहे. नाजूक रेषा त्यात बुडून गेली असती. म्हणून त्याने पाण्याचा फक्त सांगाडा कोरला. लाट जिथे वळते, जिथे तिची धार होते, तेवढंच. बाकीचं पाणी त्याने सावलीवर सोडून दिलं.

कुकचं गणित वेगळं. त्याच्याकडे मेझोटिंट नाही. जे करायचं ते रेषेनेच. मग तो ॲसिडच्या वेळेशी खेळतो. आम्हीही हेच करतो: सगळी प्लेट एकदा थोडा वेळ खायला द्यायची. बाहेर काढून धुवायची. क्षितिज, लांबची शिडं, ढग यांच्यावर व्हार्निश लावून ते बंद करायचं. पुन्हा ॲसिडात. मग मधला भाग बंद. शेवटी उरतो तो अगदी पुढचा नांगर, दोर, होडीची कड. त्या रेषा सगळ्यात जास्त वेळ ॲसिडात राहतात, म्हणून सगळ्यात खोल आणि काळ्या. हवेतलं अंतर हे असं मिनिटांमधून येतं.

नायट्रिक ॲसिडात प्लेट असते तेव्हा प्रत्येक रेषेवर बुडबुड्यांची माळ चढते. पिसाने त्या झटकत राहायचं, नाहीतर बुडबुड्याखालचं तांबं खाल्लं जात नाही आणि रेषा तुटक येते. खाडीतल्या मचव्यांची एक प्लेट करताना मी मुद्दाम पाण्याच्या रेषांवरचे बुडबुडे काही ठिकाणी तसेच राहू दिले. तुटलेल्या रेषेचं पाणी आपोआप हलायला लागलं. कुकच्या होड्यांखालच्या पाण्यात अशा तुटक आडव्या रेषा भरपूर आहेत. त्याने त्या सुई उचलून केल्या असणार, पण परिणाम तोच.

थोडक्यात, खारे_वारे, दोघांनीही पाणी फारसं काढलेलंच नाही. कोरा कागद ठेवलाय आणि होडीचं बूड, प्रतिबिंब, लाटेची धार यांनी त्याला पाणी व्हायला लावलंय.

---

मनवा

शाईकामताई, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका ना. वाचनखूण साठवली आहे.

---

चीफमेट

बोटीवरून लिहितोय, नेट येतंय जातंय, म्हणून तुटक.

मला कला कळत नाही, जहाज कळतं. कुकची चित्रं मी खलाशाच्या नजरेने तपासली. वारा कुठून येतोय ते आधी बघायचं, मग शीड, झेंडा, चिमणीचा धूर, दूरच्या होड्या सगळं त्या वाऱ्याशी जुळतंय का बघायचं. कितीतरी नामवंत चित्रकारांचं इथेच फसतं. झेंडा एकीकडे, शीड भलतीकडे. कुकचं जुळतं. दोर कुठून निघतो आणि कुठे बांधलाय, हे त्याच्या चित्रात बोट ठेवून सांगता येतं.

टेम्सवरच्या पडावांचं एक सांगतो. गवत वाहून नेणारे पडाव असायचे. डेकवर गवताच्या गंजी इतक्या उंच रचायच्या की सुकाणूवरच्या माणसाला पुढचं दिसत नसे. गंजीवर दुसरा माणूस उभा राहून ओरडून दिशा सांगे. शीड खालून दुमडून वर घ्यायचं, नाहीतर गवतात अडकायचं. पुलाखालून जाताना डोलकाठी खाली पाडायची. कुकने अशा कामाच्या जहाजांना त्या वेळच्या युद्धनौकांइतका मान दिला, हे मला फार मोठं वाटतं. लंडनची चूल ज्या कोळशावर पेटायची तो आणणाऱ्या जहाजाचं चित्र कोण काढतं?

---

खारे_वारे

चीफमेट, नेमकं हेच म्हणायचं होतं मला. धन्यवाद.

---

टेम्सकाठ

थांबा, इतक्यात धन्यवाद नको :)

चीफमेटकाका, वारा जुळणं ही चित्राची अट आहे, चित्र नव्हे. जहाज दुरुस्त करायला मी कुककडे जाईन. समुद्रावर असताना पोटात जे होतं ते हवं असेल तर टर्नर.

आणि टर्नर कामाच्या होड्या काढत नव्हता असं कोण म्हणतं? लिबरमधलं 'काम' (Calm, म्हणजे शांत समुद्र) बघा, १८१२ चं. या प्लेटवर दुसऱ्या कोरक्याचा हात नाही, सगळं त्याने स्वतः केलंय. वारा पडलाय, मासेमारीच्या होड्यांची शिडं लोंबतायत. त्या उभ्या शिडांखाली त्यांची उभी प्रतिबिंबं. घटना शून्य. यात नाटक शोधून दाखवा.

---

चीफमेट

वारा पडणं ही घटना नाही असं शिडाच्या काळातल्या खलाशासमोर बोलू नका, टेम्सकाठताई. वादळापेक्षा त्याला याचीच धास्ती असायची. पिण्याचं पाणी मोजकं आणि जहाज जागेवर.

---

टेम्सकाठ

मग तर टर्नर जिंकलाच की! घटना न दाखवता धास्ती दाखवली.

---

अवली

चीफमेटकाका, गोल सेल्फ झाला.

---

पुस्तकी_किडा

एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. कुक आणि टर्नर हे असे आमनेसामने नव्हतेच. कुकचे वडील जॉर्ज कुक आणि काका विल्यम बर्नार्ड कुक हे दोघे कोरके. टर्नरच्या चित्रांवरून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याची मालिका १८१४ ते १८२६ या काळात निघाली, ती याच दोन भावांनी काढली. म्हणजे एडवर्ड लहानाचा मोठा झाला तोच टर्नरचा समुद्र तांब्यावर उतरताना बघत. त्या मालिकेतली चित्रं रेषाकोरीव (हत्याराने थेट तांब्यात रेषा कोरून केलेली) म्हणून ओळखली जातात, पण त्या वेळची निसर्गचित्रं कोरताना सुरुवात बहुधा एचिंगनेच व्हायची. झाडं, पाणी, खडक आधी ॲसिडने आणि मग हत्याराने पुरं करायचं. आभाळासाठी सारख्या अंतराच्या बारीक समांतर रेषा मारणारं यंत्रसुद्धा होतं, विल्सन लाउरीने १७९० च्या सुमारास केलेलं.

कुक घरात हे सगळं बघत होता आणि तरीही त्याने स्वतःच्या संचासाठी मोकळी सुई निवडली. त्यातलं शहाणपण मला आवडतं. वडिलांच्या हातातली सफाई त्याने दोरखंडांसाठी राखून ठेवली.

---

नानावाडा

काळाचं भान ठेवून बघा मंडळी. १८१५ पर्यंत नेपोलियनशी युद्ध चालू आहे. समुद्र म्हणजे इंग्लंडचा खंदक. लढायांचे ॲक्वाटिंट (एचिंगचाच सपाट सावली देणारा प्रकार) छाप हातोहात खपत होते, रॉबर्ट डॉड, थॉमस व्हिटकोम यांसारख्यांची कारकीर्द त्यावर उभी राहिली. लिबरमध्येसुद्धा बेक्सहिलजवळच्या मार्टेलो बुरुजांचं चित्र आहे, १८११ चं. ते बुरुज फ्रेंच उतरतील या भीतीपोटी नुकतेच बांधलेले. आज ते चित्र आपल्याला जुन्या अवशेषांसारखं दिसतं, पण तेव्हा ती ताजी बातमी होती.

आणि जॉन थॉमस सेरेस विसरू नका. वडील डॉमिनिक सेरेस रॉयल अकॅडमीच्या संस्थापक सदस्यांपैकी. बाप-लेकांच्या रेखाटनांवरून १८०५ मध्ये 'लिबर नॉटिकस' निघालं, समुद्रचित्रं कशी काढावीत याचं शिकवणीचं पुस्तक. लाटांचे प्रकार, जहाजांचे भाग, वेगवेगळ्या वाऱ्यांतली शिडं. खारे_वारे, तुमच्या प्रश्नाचं त्या काळचं उत्तर तिथे सापडेल.

अवांतर: या जॉन थॉमसची बायको ऑलिव्हिया. तिने पुढे आपण राजघराण्यातल्या आहोत, कंबरलंडची राजकन्या आहोत असा दावा लावून धरला. नवरा राजाचा समुद्रचित्रकार होता, पण कर्जात इतका बुडाला की १८२५ मध्ये कर्जदारांच्या कैदेतच वारला.

---

मनवा

बिचारा सेरेस. लाटांचे सगळे प्रकार शिकवले आणि बुडाला कशात!

---

मूळचा_मालवणी

कुकची चित्रं धाग्यामुळे पहिल्यांदा बघितली. ब्रायटनच्या रेतीवर ओढून ठेवलेली ती रुंद पोटाची होडी बघून बराच वेळ तिथेच थांबलो. बंदर नसलेल्या किनाऱ्यावरची होडी अशीच असायला हवी. रेतीत टेकली तरी फार कलंडता कामा नये आणि लाटेतून वर ओढताना बूड फाटता कामा नये. आमच्याकडे किनाऱ्यावर होडी ओढताना खाली ओंडके टाकतात, चार माणसं एका बाजूला, चार दुसऱ्या. चित्रात होडीच्या आजूबाजूला पडलेला पसारा बघा. टोपल्या, दोर, जाळं. कुठल्याही मच्छीमार गावातला तो दुपारचा पसारा आहे. जो माणूस तिथे बसून राहिलाय त्यालाच तो दिसतो.

टेम्सकाठ यांना एक सांगतो. समुद्रावर पोटात होतं ते पर्यटकाच्या. मच्छीमाराच्या डोक्यात जाळं असतं. म्हणून माझं मत कुकला.

आता माझा प्रश्न. त्याच काळात आपल्या बाजूची गलबतं, मचवे कुणी असे एचिंगमध्ये काढले का?

---

पुस्तकी_किडा

मालवणी, काढले, आणि काढणारा मूळचा समुद्रचित्रकारच. फ्रान्स्वा बाल्टाझार सॉल्विन्स. अँटवर्पचा, जन्म १७६०. नशीब काढायला १७९१ मध्ये कलकत्त्याला आला. तिथे पालख्या आणि गाड्या रंगवून पोट भरलं आणि मग एकट्याने २५० एचिंग्जचा संच करायला घेतला. स्वतः रेखाटायचं, स्वतःच प्लेट करायची. लोक, धंदे, सण, वाद्यं आणि होड्या. संच कलकत्त्यातच १७९६ ते १७९९ च्या दरम्यान निघाला आणि आपटला. तिथल्या इंग्रज गिऱ्हाइकाला तो ओबडधोबड वाटला. लंडनमध्ये ओर्म नावाच्या प्रकाशकाने त्यातली साठ चित्रं उचलून, गोंडस करून, सॉल्विन्सला न विचारता छापली आणि ती खपली. मग सॉल्विन्सने पॅरिसमध्ये बायकोच्या पैशावर 'ले हिंदू' काढलं, १८०८ ते १८१२, चार मोठे खंड, २८८ प्लेट्स. तेही नुकसानीत. शेवटी अँटवर्पला परतला आणि १८२४ मध्ये मरेपर्यंत तिथल्या बंदराचा कप्तान होता.

होड्या बंगालच्या आहेत, हुगळीवरच्या. पण त्यांत गुराबसुद्धा आहे, आपलं शिडाचं लढाऊ जहाज.

---

मूळचा_मालवणी

गुराब! आंग्र्यांची गुराब इंग्लंड-फ्रान्सच्या छापखान्यात नाही, कलकत्त्यात एका बेल्जियनाच्या सुईखाली. रात्रभर शोधणार आता.

---

चीफमेट

सापडली की लिंक टाका. नाळ बघायची आहे. गुराबीची पुढे आलेली निमुळती नाळ हीच तिची खूण. बाकी युरोपीय जहाजांच्या नाकाशी तिची गल्लत होऊच शकत नाही.

---

नानावाडा

मुंबईसाठी जेम्स वेल्स. स्कॉटलंडचा, १७९१ मध्ये मुंबईला आला. पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रं त्याने काढली हे बऱ्याच जणांना माहीत असेल. मुंबई आणि आसपासच्या बारा देखाव्यांचा त्याचा संच लंडनमध्ये १८०० मध्ये निघाला, तो १७९५ मध्ये वारल्यानंतर. मलबार हिलवरून, शिवच्या किल्ल्यावरून दिसणारं पाणी त्यात आहे. बेटं अजून बेटंच आहेत आणि मध्ये खाड्या. त्याच सुमारास, १७९३ मध्ये, थॉमस आणि विल्यम डॅनियल हे काका-पुतणेही मुंबईला आले होते, वेल्सबरोबर लेणी बघत हिंडले. यातल्या विल्यमने पुढे ग्रेट ब्रिटनभोवती किनाऱ्याने फिरत ३०८ ॲक्वाटिंट्स केली, १८१४ ते १८२५. समुद्राच्या छापचित्रांत एका माणसाने केलेलं एवढं मोठं काम क्वचितच असेल. तुमच्या टर्नर-कुकच्या कुस्तीत या पठ्ठ्याचं नावही कुणी घेतलं नाही.

---

शाईकाम

नानाकाका, घ्यायलाच हवं. ॲक्वाटिंटमध्ये राळेची बारीक पूड पत्र्यावर पसरून, गरम करून चिकटवतात. ॲसिड कणांच्या मधून खातं, त्यामुळे रेषेऐवजी सपाट सावली मिळते. आभाळ आणि शांत पाणी यांच्यासाठी वरदान. डॅनियलचं पाणी म्हणूनच इतकं निवांत दिसतं, वरून हाताने दिलेले फिके रंग.

पण मला त्याच्यात एक गोष्ट कमी पडते. सावली फार सोपी मिळाली की रेषेला कष्ट पडत नाहीत. सॉल्विन्सची एचिंग्ज ओबडधोबड म्हणून नाकारली गेली ना, तिथे रेषा झटापट करते. वल्ह्याजवळचं पाणी खरखरीत आहे, डोळ्याला टोचतं. मला आज विचाराल तर ओर्मच्या गोंडस प्रतीपेक्षा मूळ सॉल्विन्स कितीतरी वरचा.

---

अनुस्वार

एक प्राथमिक शंका. छापल्यावर चित्र उलटं होतं ना? मग डावीकडची होडी उजवीकडे जाणार. वाऱ्याचं वगैरे काय होतं?

---

चीफमेट

चांगली शंका. वारा, शीड, झेंडा सगळं एकदमच उलटतं, त्यामुळे आपसांत जुळलेलं राहतं. अडचण येते ती जागा ओळखीची असली की. बंदराचा देखावा उलटा छापला तर दीपस्तंभ भलत्या हाताला जाईल आणि त्या बंदरात ये-जा करणारा माणूस पुस्तक परत करेल. होडीच्या पाठीवरचं नावही आहेच.

---

शाईकाम

म्हणून रेखाटन आरशात बघत प्लेटवर काढायचं किंवा कागद उलटा ठेवून मेणावर उतरवून घ्यायचं. नाव, गावाचं नाव, सगळी अक्षरं उलटी लिहायची. वर्षभर केलं की हाताला सवय होते.

---

मनवा

थोडं पुढच्या काळातलं सांगते. शार्ल मेरिओं (१८२१-१८६८). फ्रेंच नौदलात अधिकारी होता, न्यूझीलंडमध्ये अकारोआला राहून आला. रंगांधळा असल्यामुळे रंगचित्रं जमेनात, म्हणून एचिंगकडे वळला. पॅरिसच्या रस्त्यांच्या एचिंग्जसाठी तो ओळखला जातो, पण तो संच त्याने अर्पण केला तो सतराव्या शतकातल्या डच समुद्रचित्रकाराला, रेनियर नोम्सला, ज्याला लोक झेमन म्हणत. झेमनची चित्रं एच करत करतच मेरिओं शिकला होता.

त्याचं एक उशिराचं एचिंग आहे, १८६५ चं, पॅरिसमधल्या नौदल खात्याच्या इमारतीचं. इमारत अगदी काटेकोर आणि आभाळातून समुद्री घोडे, मासे, होड्या यांची झुंड तिच्यावर चालून येतेय. समुद्र मैलोगणती लांब आहे, पण चित्रभर तोच. मानसिक आजारात त्याचा शेवट झाला. पण मला हे चित्र आजाऱ्याचं वाटत नाही. जहाजावरून उतरून शहरात कोंडलेल्या खलाशाचं वाटतं.

---

चीफमेट

मनवाताई, हे बघितलं. सुट्टीवर घरी असलो की तिसऱ्या आठवड्यापासून असंच होतं. प्रिंट काढून केबिनमध्ये लावतोय.

---

पुस्तकी_किडा

मूळ धाग्याकडे येऊ या का? सॉल्विन्सवर वेगळा धागा मालवणींनी काढावा, मी माहिती देईन.

---

खारे_वारे

दोन दिवस कामात होतो, आत्ता सगळं सलग वाचलं. शाईकाम यांनी सांगितलेले नुसत्या एच केलेल्या रेषांचे टर्नरचे छाप शोधून काढले आणि कुकशेजारी ठेवून बघितले.

मेझोटिंटशिवायचा टर्नर मला आवडला, फार आवडला. लाटेच्या धारेला तो जी एक रेष देतो ती पुढे गेल्यावर पातळ होत नाही, एकदम संपते. त्यामुळे लाट आत्ता फुटणार असं वाटत राहतं. कुकच्या पाण्यात ही घाई नाही. तरी माझं मत अजून कुकच्या बाजूने आहे आणि त्याचं कारण मालवणींनी सांगितलं. होडीभोवतीचा पसारा. टर्नरची माणसं समुद्राला तोंड देतात, कुकची माणसं समुद्रावर जगतात. रोमँटिक काळावर लिहिताना आपण पहिल्या प्रकारालाच सगळी जागा देतो, हे मला खटकतं. कुकवर मराठीत एक नीट लेख तरी हवा.

---

टेम्सकाठ

लेख तुम्हीच लिहा, खारे_वारे. मी टर्नरच्या बाजूनेच आहे, पण ही विभागणी मला पटत नाही. 'इन्व्हरेरी पिअर'मधली माणसं सकाळी सकाळी कामालाच लागलेली आहेत. समुद्रावर जगणंच आहे ते.

पुढच्या महिन्यात अभ्यासिकेत पुन्हा जायचा विचार आहे. 'इन्व्हरेरी' आणि कुकच्या दोन-तीन प्लेट्स एकाच टेबलावर मागवून बघते. कुकच्या कुठल्या मागवू?

---

चीफमेट

गवताचा पडाव असेल तर आधी तो. सुकाणूवरचा माणूस कुठे बघतोय तेवढं मला कळवा.

---

मूळचा_मालवणी

ब्रायटनची होडी. आणि जमलं तर भिंग घेऊन जा, जाळ्याची गाठ कुठल्या पद्धतीची आहे ते बघायचंय.

---

शाईकाम

कोळशाच्या जहाजाची एखादी मागवा आणि छाप थोडा तिरपा धरून बघायची परवानगी मिळते का विचारा. खोल खाल्लेल्या रेषेतली शाई कागदावर किंचित उंच उभी असते. पुढच्या दोरखंडांवर ती दिसायला हवी, क्षितिजावर नाही. तसं दिसलं तर प्लेट झिजायच्या आधीचा, चांगला छाप तुमच्या हातात आहे.